इम्पेकबल : 'नाव ठेवायला जागा नाही' तिथे वापरायचं विशेषण

'यात काहीही दोष नाही' हे सांगायला इंग्रजीत विशेषणांची रांगच आहे. परफेक्ट, फ्लॉलेस, फॉल्टलेस, स्पॉटलेस, इमॅक्युलेट, प्रिस्टीन आणि इम्पेकबल. शब्दकोशात एकाचा अर्थ पाहायला जावं तर तिथे दुसऱ्याचं नाव दिलेलं असतं, दुसऱ्याकडे गेलं की तिसऱ्याचं. त्यामुळे ही सगळी एकमेकांच्या जागी चालतात असा समज होतो. तशी ती चालत नाहीत. 'इम्पेकबल स्काय' किंवा 'इम्पेकबल डायमंड' असं लिहिलं तर व्याकरणाची चूक कुणी दाखवणार नाही, पण ज्याचं इंग्रजी वाचन चांगलं आहे तो तिथे अडखळेल.

मला विचाराल तर या रांगेतला सर्वांत काटेकोर शब्द 'इम्पेकबल' हाच. मराठी माणसाला तो पटकन कळण्यासारखाही आहे, कारण त्याच्या तोडीचा वाक्प्रचार आपण रोज वापरतो.

पायरी १ : मूळ समजून घ्या, कारण वापर तिथूनच ठरतो

लॅटिनमध्ये 'पेकारे' म्हणजे चुकणं, पाप करणं. त्याच्यापुढे 'इन' हा नकारार्थी उपसर्ग लागला. पुढे 'प' आल्यामुळे त्याचा उच्चार 'इम' झाला, जसा 'इम्पॉसिबल' आणि 'इम्परफेक्ट'मध्ये झाला आहे. असा तयार झालेला 'इम्पेकाबिलिस' म्हणजे ज्याच्या हातून पाप घडूच शकत नाही असा. १६व्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तो याच धार्मिक अर्थाने. 'ज्यात दोष काढता येत नाही' हा आजचा सैल अर्थ त्यानंतरचा.

ख्रिस्ती धर्मशास्त्रात जुना अर्थ अजून जिवंत आहे. १८७०च्या व्हॅटिकन परिषदेत पोपच्या 'इनफॅलिबिलिटी'चा सिद्धान्त जाहीर झाला. श्रद्धा आणि नीती यांबाबत पोप अधिकृतपणे शिकवण जाहीर करतात तेव्हा ती चुकीची नसते, असा तो सिद्धान्त. 'इम्पेकबिलिटी' ही त्याहून वेगळी गोष्ट, म्हणजे पाप करण्याची शक्यताच नसणं. ती पोपना लागू असल्याचं चर्च कधी म्हणत नाही. दोन्ही शब्दांचं मराठी भाषांतर 'अचूकता' किंवा 'निर्दोषत्व' असं करून मोकळं झालं की हा फरक हातातून निसटतो.

'पेकारे'च्या कुळातले आणखी दोन शब्द माहीत असलेले बरे. 'पेकडिलो' हा स्पॅनिशमधून आलेला. त्याचा अर्थ बारीकसं पाप, डोळेझाक करण्याजोगी आगळीक. दुसरा 'पेकावी', म्हणजे 'माझ्या हातून पाप घडलं'. इंग्रजीत याचं भाषांतर 'आय हॅव सिन्ड'. ब्रिटिश सेनापती चार्ल्स नेपिअरने १८४३ साली सिंध जिंकला आणि वरिष्ठांना एवढा एकच लॅटिन शब्द कळवला, कारण 'आय हॅव सिन्ड' आणि 'आय हॅव सिंध' कानाला सारखेच लागतात, अशी गोष्ट सांगितली जाते. प्रत्यक्षात नेपिअरने असं काही कळवलं नव्हतं. ती कोटी १८४४ साली लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकात छापून आली, आणि तिचं श्रेय कॅथरीन विंकवर्थ या तेव्हा किशोरवयात असलेल्या मुलीला दिलं जातं. एवढं विषयांतर करण्याचं कारण इतकंच की ही गोष्ट एकदा ऐकली की 'पेक'चा 'पाप'शी असलेला संबंध पुन्हा विसरायला होत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. पाप आपोआप होत नसतं, ते कुणीतरी करतं. म्हणून त्यासाठी कुणाला तरी जबाबदार धरता येतं. धार्मिक अर्थ मागे पडला तरी ही जबाबदारीची छटा 'इम्पेकबल'ला चिकटून राहिली आहे. जिथे माणसाचं वागणं, त्याची निवड, त्याचं कसब किंवा त्याने घेतलेली काळजी कसाला लागते, तिथे हा शब्द शोभतो.

पायरी २ : एकच कसोटी लावा

मराठीत आपण म्हणतो, 'नाव ठेवायला जागा नाही'. किंवा 'कुठे बोट ठेवायला जागा नाही'. 'इम्पेकबल'चा अर्थ नेमका हा. या वाक्प्रचारात दोन गोष्टी गृहीत आहेत. एक, कुणीतरी चिकित्सक नजरेने पाहतो आहे आणि त्याला दोष सापडला असता तर त्याने तो काढला असता. दुसरी, तो दोष कुणाच्या तरी माथी आला असता.

वाक्य लिहिण्याआधी स्वतःला विचारा : इथे उणं निघालं असतं तर कुणाला बोल लागला असता का? उत्तर 'हो' असेल तर 'इम्पेकबल' बिनदिक्कत वापरा.

पाहुण्यांशी वागणं? हो, बोल लागला असता. 'हर मॅनर्स वेअर इम्पेकबल.' युक्तिवाद? हो. 'हिज लॉजिक इज इम्पेकबल.' निरभ्र आकाश? ढग आले तर कुणाला दोष देणार? तिथे 'क्लिअर' किंवा 'क्लाउडलेस'. नितळ त्वचा? ती निसर्गाची देणगी, तिथे 'फ्लॉलेस'. निखळ आनंद? आनंदाला नियम नाही आणि परीक्षकही नाही, तिथे 'परफेक्ट हॅपिनेस'.

एक उदाहरण वरवर पाहता या कसोटीला छेद देतं. जुन्या गाडीच्या किंवा घराच्या जाहिरातीत 'इन इम्पेकबल कंडिशन' असं सर्रास लिहिलेलं असतं. गाडी तर निर्जीव वस्तू! पण इथे कौतुक गाडीचं नसून ती ज्याने राखली त्याचं आहे. इतकी वर्षं वापरूनही तिची हेळसांड झालेली नाही, हे त्या शब्दातून सांगायचं असतं. कारखान्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या गाडीला कुणी 'इम्पेकबल कंडिशन' म्हणत नाही, कारण तिची निगा राखण्याची वेळच अजून आलेली नसते.

दुसरी गोष्ट कसोटीत आपोआप येते, तरी वेगळी सांगतो. दोष काढायला आधी काहीतरी मानक लागतं. शिष्टाचार, व्याकरण, तर्क, पोशाख, हिशेब, वेळ पाळणं या सगळ्यांना ठरलेले किंवा मानलेले नियम आहेत, म्हणून ही नामं 'इम्पेकबल'च्या शेजारी सुखाने नांदतात. कल्पनाशक्ती, प्रेम, उत्साह, मेहनत यांना असं मोजमाप नाही. 'इम्पेकबल हार्ड वर्क' हे इंग्रजी नव्हेच. मेहनतीला 'टायरलेस' म्हणा, कल्पनाशक्तीला 'व्हिव्हिड' म्हणा.

पायरी ३ : मराठी अर्थ नामाप्रमाणे बदला

सर्वाधिक घोटाळा इथे होतो. 'इम्पेकबल म्हणजे निर्दोष' असं एकदा पाठ केलं की प्रत्येक ठिकाणी 'निर्दोष' चिकटवला जातो आणि मराठी वाक्य लंगडं होतं. शिवाय 'निर्दोष' म्हटलं की मराठी वाचकाला आधी कोर्ट आठवतं, कारण आरोपीची 'निर्दोष मुक्तता' होते. 'निष्पाप' तर त्याहून फसवा. मुळाशी इमान राखणारा तोच शब्द आहे, पण मराठीत निष्पाप असतं ते लहान मूल, किंवा हल्ल्यात बळी पडलेला माणूस. तिथे इंग्रजीत 'इनोसंट' येतं.

त्यापेक्षा शेजारी कोणतं नाम बसलं आहे ते पाहून मराठी शब्द निवडावा.

'इम्पेकबल मॅनर्स' : वागण्याला नाव ठेवायला जागा नाही. लेखी मराठीत 'अत्यंत सुसंस्कृत वागणूक'.

'इम्पेकबल लॉजिक' : बिनतोड युक्तिवाद. इथे 'निर्दोष तर्क' असं लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की हातात 'बिनतोड'सारखा नेमका शब्द असताना दुसरीकडे जाऊ नये.

'इम्पेकबल रेकॉर्ड' आणि 'इम्पेकबल रेप्युटेशन' : निष्कलंक कारकीर्द, निष्कलंक लौकिक. राजकारणी किंवा अधिकाऱ्याबद्दल असेल तर वर्तमानपत्री मराठीत 'स्वच्छ प्रतिमा'.

'इम्पेकबल इंटेग्रिटी' : वादातीत सचोटी.

'इम्पेकबल टायमिंग' : अचूक वेळ साधणं. नाटकातल्या विनोदाबद्दल असेल तर मराठीतही 'टायमिंग अचूक' असंच म्हणतात.

'इम्पेकबल टेस्ट' : इथे थोडं थांबावं लागतं. 'टेस्ट' म्हणजे अभिरुची. 'निर्दोष अभिरुची' असं मराठीत कुणी बोलत नाही. 'तिची निवड कधी चुकत नाही' असं वाक्यच फिरवून घेतलं तर अर्थ पूर्ण येतो.

'इम्पेकबल क्रेडेन्शल्स' : पात्रतेबद्दल शंका घ्यायला जागा नाही. ही जोडी पदव्यांपुरती नाही. एखाद्याची त्या क्षेत्रातली पार्श्वभूमी, अनुभव, निष्ठा हे सगळं तीत येतं.

'इम्पेकबल इंग्लिश' : शुद्ध, सफाईदार इंग्रजी. इथे 'अस्खलित' लिहिण्याचा मोह होतो. त्या शब्दाचं मूळ 'न घसरणारं' असलं तरी आजच्या मराठीत अस्खलित म्हणजे न अडखळता, भराभर, म्हणजेच 'फ्लुअंट'. माणूस अस्खलित बोलत असेल आणि तरी व्याकरणात चुकत असेल, किंवा सावकाश बोलत असेल आणि एकही चूक करत नसेल. दुसऱ्याचं इंग्रजी 'इम्पेकबल', पहिल्याचं नुसतं 'फ्लुअंट'. आणखी एक बारीक गोष्ट : हे विशेषण बहुधा ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्या इंग्रजीला लावलं जातं. ज्याची ती मायबोली आहे त्याचं या शब्दात कौतुक क्वचित होतं.

'इम्पेकबल सर्व्हिस' : चोख सेवा. काम, व्यवस्था, हिशेब, व्यवहार या चारही ठिकाणी 'चोख' इतका फिट्ट बसतो की मराठीतला सर्वांत जवळचा एकशब्दी पर्याय मी तोच मानतो. फक्त 'चोख प्रत्युत्तर' आणि 'चोख बंदोबस्त' उलट दिशेने इंग्रजीत नेताना 'इम्पेकबल' करू नका. प्रत्युत्तर 'फिटिंग' असतं आणि बंदोबस्त 'टाइट'.

'ऑन इम्पेकबल ऑथॉरिटी' : अत्यंत विश्वसनीय सूत्रांकडून. हा इंग्रजी पत्रकारितेतला ठरलेला शब्दप्रयोग आहे. नाव सांगता येत नाही, पण बातमी पक्की आहे, असं सुचवायचं असतं तेव्हा तो येतो.

पायरी ४ : उच्चार आणि स्पेलिंग पक्कं करा

बरेच जण 'इम्पेक्केबल' म्हणतात आणि 'के'वर जोर देतात. दोन 'सी' दिसल्या की आपली जीभ 'पक्का', 'चक्का'च्या सवयीने व्यंजन दुप्पट करते. इंग्रजीत दुहेरी अक्षर शब्दाच्या पोटात दुहेरी उच्चारलं जात नाही. 'हॅपी' असतं, 'हॅप्पी' नसतं. शिवाय शेवटचं 'एबल' हा स्वतंत्र शब्द असला की 'एबल' म्हणतात, पण इथे ते प्रत्यय म्हणून आलं आहे आणि त्याचा 'अबल' इतकाच पुसट ध्वनी उरतो.

जोर 'पेक'वर. 'इम्पॉसिबल' म्हणून पाहा. तिथे 'पॉ' ठसठशीत येतो आणि पुढचं 'सिबल' घाईत उरकलं जातं. अगदी त्याच चालीवर 'इम्पेकबल'. दोन्ही शब्द पाठोपाठ चार-पाचदा मोठ्याने म्हटले की लय बसते.

स्पेलिंग तीन तुकड्यांत लक्षात ठेवा : आय-एम, पी-ई-सी-सी, ए-बी-एल-ई. चूक दोनच ठिकाणी होते. एक 'सी' गळते, किंवा शेवटी 'ए'ऐवजी 'आय' येतो.

पायरी ५ : वाक्यात जागा द्या

नामाच्या आधी आणि क्रियापदानंतर, दोन्हीकडे चालतं. 'शी हॅज इम्पेकबल टेस्ट' आणि 'हर टेस्ट इज इम्पेकबल' दोन्ही बरोबर. एकवचनी गणनीय नामापुढे 'अ' येत नाही, 'ॲन' येतं, कारण शब्दाची सुरुवात स्वराने आहे : 'ॲन इम्पेकबल रेकॉर्ड'. मात्र 'टेस्ट', 'लॉजिक', 'टायमिंग' ही नामं अशा वाक्यांत अगणनीय आहेत, त्यांच्यापुढे 'ॲन' लावू नका.

माणसाला थेट लावताना जपून. 'ही इज इम्पेकबल' असं तोडून लिहिलं तर वाचकाला प्रश्न पडतो, कशात? पूर्ण माणूसच निष्पाप असल्याचा जुना अर्थ डोकावू लागतो. बाब सांगा : 'ही इज इम्पेकबल इन हिज डीलिंग्ज', म्हणजे व्यवहाराला चोख.

क्रियाविशेषण 'इम्पेकबली' मात्र फार कामाचं. ते बहुतेक वेळा भूतकाळवाचक धातुसाधिताच्या आधी येतं : 'इम्पेकबली ड्रेस्ड', 'इम्पेकबली बिहेव्ह्ड', 'इम्पेकबली टाइम्ड', 'इम्पेकबली मेन्टेन्ड', 'इम्पेकबली रिसर्च्ड'. ही यादी पुन्हा एकदा वाचा. प्रत्येक शब्दामागे कुणीतरी काहीतरी केलेलं आहे : कपडे घातले, वागलं, वेळ साधली, निगा राखली, संशोधन केलं. पहिल्या पायरीतली जबाबदारीची छटा इथे उघड दिसते. आणि हो, या जोडशब्दांत मध्ये हायफन देऊ नका. 'एल-वाय'ने संपणाऱ्या क्रियाविशेषणानंतर इंग्रजीत हायफन देत नाहीत.

पायरी ६ : 'व्हेरी' टाळा, पण उणेपणा दाखवायला शिका

दोष एक तर आहे किंवा नाही. म्हणून 'व्हेरी इम्पेकबल' कानाला बोचतं, जसं मराठीत 'खूप बिनचूक' बोचतं. जोर द्यायचाच तर 'ॲब्सोल्यूटली' चालतं. ब्रिटिश इंग्रजीत 'क्वाइट'ही चालतं, पण त्याचा अर्थ इथे पालटतो. 'क्वाइट गुड' म्हणजे बऱ्यापैकी चांगलं. 'क्वाइट इम्पेकबल' म्हणजे पूर्णपणे निर्दोष. ज्या गुणाला कमी-जास्त होता येत नाही त्याच्याआधी 'क्वाइट' आलं की त्याचा अर्थ 'सर्वस्वी' असा होतो.

'मोअर इम्पेकबल' व्याकरणाचे पंडित नाकारतात. तत्त्वतः त्यांचं बरोबर आहे, तरी भाषा तत्त्वाने बांधलेली नसते. अमेरिकेच्या १७८७च्या राज्यघटनेच्या पहिल्याच वाक्यात 'मोअर परफेक्ट युनियन' आहे आणि 'परफेक्ट'ला तरी कमी-जास्त कुठे असतं? पण राज्यघटना लिहायला बसलेला नसाल तर तुलना टाळलेली बरी.

उणं दाखवण्याच्या दोन रीती मात्र जरूर शिकून घ्या, कारण इंग्रजी वाचताना त्या सतत भेटतात. 'अदरवाइज इम्पेकबल' म्हणजे एक गोष्ट सोडली तर बाकी चोख. 'ॲन अदरवाइज इम्पेकबल परफॉर्मन्स' असं वाचलं की ती एक चूक कोणती हे पुढच्या किंवा मागच्या वाक्यात शोधायचं. आणि 'लेस दॅन इम्पेकबल' ही सभ्य भाषेतली टीका आहे. 'हिज रेकॉर्ड इज लेस दॅन इम्पेकबल' याचं मराठी 'त्याची कारकीर्द थोडी कमी निर्दोष आहे' असं करू नका. ते 'तो काही धुतल्या तांदळासारखा नाही' असं आहे. त्यात आरोप आहे, फक्त आवाज चढवलेला नाही.

विरुद्धार्थी शब्द एकच नाही, तोही नामाप्रमाणे ठरतो. काम 'स्लॉपी', अभिरुची 'क्वेश्चनेबल', कारकीर्द 'पॅची', लौकिक 'टार्निश्ड', युक्तिवाद 'फ्लॉड'. 'इम्पेकबल'च्या आधी 'अन' लावून उलट शब्द बनत नाही.

पायरी ७ : भावंडांतून योग्य तो निवडा

'परफेक्ट' हे सगळ्यात रुंद विशेषण. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'पूर्ण केलेलं', तडीस नेलेलं. इंग्रजी व्याकरणातल्या 'परफेक्ट टेन्स'ला आपण 'पूर्ण काळ' म्हणतो ते म्हणूनच. जिथे पूर्ण गुण मिळवता येतात तिथे 'परफेक्ट' हवं. १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये १४ वर्षांच्या जिमनॅस्ट नादिया कोमानेचीला दहापैकी दहा गुण मिळाले तेव्हा धावफलकावर १.०० झळकले, कारण त्या फलकात १०.०० दाखवायची सोयच नव्हती. ती कामगिरी 'परफेक्ट टेन' म्हणून इतिहासात गेली. तिच्या तंत्राला 'इम्पेकबल' म्हणता येईल, पण गुणांना नाही. त्याचप्रमाणे एखादी गोष्ट एखाद्यासाठी अगदी जुळते आहे हे सांगायला 'परफेक्ट फॉर यू' लागतं. 'इम्पेकबल फॉर यू' असं कधीच होत नाही.

'फ्लॉलेस'मधला 'फ्लॉ' म्हणजे तडा, चीर, वस्तूत शिरलेला दोष. हिऱ्यांच्या प्रतवारीत 'फ्लॉलेस' ही सर्वांत वरची पायरी आहे. तज्ज्ञाने दहापट मोठं करून पाहिलं तरी आत किंवा पृष्ठभागावर काही दिसत नाही, तेव्हाच हिरा त्या पायरीवर बसतो. त्वचा, काच, रत्न, आवाज यांना 'फ्लॉलेस' शोभतं. कामगिरीच्या बाबतीत 'फ्लॉलेस' आणि 'इम्पेकबल' जवळ येतात. 'फ्लॉलेस'मध्ये निकालाकडे बोट असतं, 'इम्पेकबल'मध्ये करणाऱ्याच्या शिस्तीकडे.

'इमॅक्युलेट'च्या पोटात 'मॅक्युला' आहे, म्हणजे डाग. डोळ्याच्या पडद्यावरच्या ज्या छोट्या भागामुळे आपल्याला बारीक अक्षर वाचता येतं, त्यालाही डॉक्टर 'मॅक्युला'च म्हणतात, कारण तो पिवळसर ठिपक्यासारखा दिसतो. त्यामुळे 'इमॅक्युलेट'चा रोख डोळ्यांना दिसणाऱ्या स्वच्छतेवर. शुभ्र शर्ट, लख्ख स्वयंपाकघर, सारखी कापलेली हिरवळ. कपड्यांबाबत 'इम्पेकबली ड्रेस्ड' आणि 'इमॅक्युलेटली ड्रेस्ड' दोन्ही चालतात, तरी पहिल्यात प्रसंगाला साजेसा पोशाख निवडल्याचं कौतुक आहे, दुसऱ्यात इस्त्री आणि स्वच्छतेचं. 'इमॅक्युलेट कन्सेप्शन' या धार्मिक संज्ञेचा अर्थ मात्र बहुतेक जण चुकीचा घेतात. तिचा संबंध येशूच्या जन्माशी नाही. खुद्द येशूची आई मेरी आपल्या आईच्या उदरात आली तीच मूळ पापाच्या, म्हणजे प्रत्येक माणसाला जन्मतःच चिकटतं असं ख्रिस्ती धर्म मानतो त्या पापाच्या, डागाशिवाय, असा तो सिद्धान्त आहे, आणि पोप नववे पायस यांनी तो १८५४ साली जाहीर केला.

'प्रिस्टीन' म्हणजे मुळात होतं तसं, कुणाचा हात न लागलेलं. 'स्पॉटलेस' हे 'इमॅक्युलेट'चं घरगुती रूप. 'फॉल्टलेस' अर्थाने 'इम्पेकबल'च्या अगदी शेजारी आहे, पण त्यात ऐट कमी. 'अनइम्पीचेबल' मात्र पुरावा, साक्ष आणि सूत्रांसाठी राखून ठेवा : ज्याला आव्हान देता येत नाही ते.

आणि 'इम्पेक्यूनिअस'पासून सावध. दिसायला नात्यातलं वाटतं, पण ते लॅटिन 'पेकुनिया'वरून, म्हणजे पैशावरून आलं आहे. अर्थ, निर्धन. एखाद्याची ओळख करून देताना ही दोन विशेषणं अदलाबदल झाली तर कौतुकाऐवजी त्याची खालावलेली सांपत्तिक स्थिती जाहीर होईल.

पायरी ८ : सूर ओळखा

हा औपचारिकतेकडे झुकणारा शब्द आहे. मित्राला निरोप पाठवताना 'परफेक्ट' पुरेसं असतं. परीक्षण, शिफारसपत्र, मृत्युलेख, परिचय, अहवाल ही 'इम्पेकबल'ची खरी ठिकाणं.

स्वतःबद्दल तो वापरू नका. नोकरीच्या अर्जात 'माय कम्युनिकेशन स्किल्स आर इम्पेकबल' लिहिणं म्हणजे वाचणाऱ्याला आपल्याच अर्जात चूक शोधायचं आमंत्रण देणं, आणि कुठे एखादा स्वल्पविराम हुकला तरी ते वाक्य खोटं पडतं. हा निवाडा दुसऱ्याने करायचा असतो. तुमच्याबद्दल तुमच्या वरिष्ठाने लिहिलं तर त्याला वजन आहे.

उपरोधिक वापर कानाने ओळखावा लागतो. बोलणं रंगात आलेलं असताना, ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तोच दारात उभा राहिला तर इंग्रजीत म्हणतात, 'इम्पेकबल टायमिंग!' आपण 'बरोब्बर वेळ साधलीस!' म्हणतो तसंच. 'टायमिंग'च्या बाबतीत असा उलटा अर्थ इतका रूढ आहे की संदर्भ पाहिल्याशिवाय भाषांतर करू नये.

एक छटा मला फार महत्त्वाची वाटते आणि ती शब्दकोशात सापडत नाही. 'इम्पेकबल' दोष नसल्याचं सांगतं, थोरवी असल्याचं सांगत नाही. संगीताच्या किंवा नाटकाच्या इंग्रजी परीक्षणात 'टेक्निकली इम्पेकबल' असं आलं की पुढचा शब्द 'बट' आहे का ते आधी पाहा. सूर जागच्या जागी, ताल पक्का, उच्चार स्वच्छ, तरीही ऐकणाऱ्याच्या आत काही हललं नाही, असं परीक्षकाला पुढे म्हणायचं असतं. म्हणून ज्या कलाकृतीने तुम्हाला खरोखर हलवलं तिच्याबद्दल नुसतं 'इम्पेकबल' लिहून थांबू नका. कमी पडेल.

पायरी ९ : एक परिच्छेद हातात घेऊन दुरुस्त करू

हिशेबाचं काम पाहणाऱ्या एका कर्मचारी महिलेसाठी शिफारसपत्र लिहायचं आहे आणि पहिला खर्डा असा आहे :

'शी इज ॲन इम्पेकबल पर्सन. शी हॅज व्हेरी इम्पेकबल नॉलेज ऑफ अकाउंट्स. हर हार्ड वर्क इज इम्पेकबल. हर अटेंडन्स वॉज इम्पेकबल ॲण्ड शी इज इम्पेकबली ऑनेस्ट.'

हेतू चांगला आहे. पण पाच ठिकाणी एकच शब्द आल्यामुळे कुठल्याच वाक्यावर विश्वास बसत नाही.

'इम्पेकबल पर्सन' पूर्ण काढा. कशात, ते सांगितलेलं नाही. तिथे 'कर्टिअस ॲण्ड डिपेंडेबल' म्हटलं तर माणूस डोळ्यांपुढे येतो.

ज्ञानाला खोली असते, निर्दोषपणा नसतो. 'अ थरो नॉलेज ऑफ अकाउंट्स'. 'व्हेरी' आपोआप गेलं.

मेहनतीचं वर सांगितलंच आहे. 'शी वर्क्स टायरलेसली' पुरे.

हजेरीला 'इम्पेकबल' चुकीचं नाही, पण एकही दिवस न चुकवण्याला इंग्रजीत 'परफेक्ट अटेंडन्स' ही ठरलेली जोडी आहे. तीच घ्या.

प्रामाणिकपणाची ठरलेली जोडी 'स्क्रूप्युलसली ऑनेस्ट'. पैशाच्या व्यवहारात हाच शब्द वाचणाऱ्याला अपेक्षित असतो.

मग 'इम्पेकबल' राहिलं कुठे? तिच्या हातून झालेल्या, तपासता येईल अशा कामात. हिशेबाच्या नोंदी ही ती जागा : नियम ठरलेले आहेत, चिकित्सक नजर म्हणजे लेखापरीक्षक आहेत, आणि चूक निघाली असती तर ती तिच्या माथी आली असती. शब्दामागोमाग लगेच पुरावाही देता येतो.

'शी इज कर्टिअस ॲण्ड डिपेंडेबल, विथ अ थरो नॉलेज ऑफ अकाउंट्स. शी वर्क्स टायरलेसली, हॅड परफेक्ट अटेंडन्स ॲण्ड इज स्क्रूप्युलसली ऑनेस्ट. हर बुक्स वेअर इम्पेकबल : द ऑडिटर्स नेव्हर रेज्ड अ सिंगल क्वेरी.'

शेवटचं वाक्य मराठीत आणायची वेळ आली तर 'तिची पुस्तकं निर्दोष होती' असं लिहू नका. 'तिचे हिशेब चोख असत. लेखापरीक्षकांनी कधी एक शंकाही काढली नाही.'